समेला पाय

"काय गं, एवढी भांडी घेऊन बसलीस? बाई आली नाही?"

"गावाला गेलीय, काकू. एरवी ती नसली की रात्रीची भांडी आमचे हे घासतात. पण हल्ली त्यांना बोटं भिजवायची नसतात."

"का? नखुरडं झालंय?"

"घट्टे पडलेत. गिटारचे! पोलादी तारा दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांना. आणि पाण्यात हात गेला की ते मऊ पडतात म्हणे, मग पुन्हा पहिल्यासारखं दुखणं."

"म्हणजे ते संध्याकाळचं घणघण तुझ्या नवऱ्याचं? अगं, मी तुझ्या लेकाला बोल लावत होते! कोपऱ्यावरच्या वहिनींनाही सांगून बसले, पोरगं वाया चाललं म्हणून."

"लेक पुण्याला कॉलेजात. गिटार त्याचीच, तो इथं टाकून गेला नि बाप चिकटला. बँकेतून आले की चहाच्या आधी ती हातात."

"पन्नाशी उलटल्यावर?"

"मी तेच म्हटलं. बोटं दुखतात म्हणून सोडतील असं वाटत होतं, तर लेकानं फोनवर टोनी आयॉमीची गोष्ट सांगितली. ब्लॅक सबाथवाला, बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. 1965 साली मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आणि वाजवायला डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात!"

"अगं बाई! मग?"

"मग काय, प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. तारा हलक्या लावल्या, पुढं त्या सैलही सोडल्या. तो जो जड, खालचा आवाज ना, त्यातला बराचसा त्याच्यामुळं. आता ह्यांची दहाही बोटं शाबूत, तेव्हा कुरकुरायला तोंडच उरलं नाही."

"चिकाटीचा दिसतोय."

"त्यांच्यात एकेक नग आहे. क्वीनचा ब्रायन मे घ्या. तो नि त्याचे वडील, दोघांनी 1963 पासून घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची मान, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आणि दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई! हे ऐकल्यापासून माझ्या सुया मी कपाटात कुलपाआड ठेवल्यात."

"क्वीन म्हणजे तो मिशीवाला पारशी? पाचगणीच्या शाळेत होता की तो."

"तोच, फ्रेडी मर्क्युरी. आणि हा ब्रायन पीएचडी अर्धवट सोडून गिटारमागं गेला, ती पुरी केली 2007 साली. साठीत! 'आता बोल,' म्हणाले मला हे. काय बोलणार? मी गॅस बारीक करायला उठले."

"मला आवाजाचं काही नाही बघ. माहेर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, भोपळ्यांच्या ढिगात खेळून मोठी झाले. पण तुझा नवरा सारखा सा-प, सा-प काय करतो? गंधार कुठं गेला?"

"त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार नसतोच त्यात. आवाज मुद्दाम खरखरीत करतात ना, डिस्टॉर्शन लावून, त्यात गंधार घातला की सगळा गिचका होतो. सा-प तेवढे उठून दिसतात."

"म्हणजे जवारी बिघडलेला तानपुराच की!"

"हे त्यांना सांगू नका, छाती फुगेल."

"सांगायचं ते वेगळंच आहे. गाणं कुठलं ते?"

"'आयर्न मॅन'. ब्लॅक सबाथचंच, 1970 चं."

"हं. तर त्यात सुरुवातीचं जड जड झालं की दोन सुरांत भराभर पुढं-मागं घसरायचं असतं, गमक घ्यावा तसं. तिथं हा रोज अडतो. अडला की थांबतो आणि पुन्हा मुखड्यापासून. मुखडा आता मलासुद्धा पाठ झालाय, अडलेली जागा मात्र होती तशीच! आमचे बुवा असते तर मुखड्याला हात लावू दिला नसता. तेवढाच तुकडा घोटायचा, तोही विलंबितात."

"लेकही हेच सांगतो. मेट्रोनोम साठावर लावा, तेवढ्याच दोन कॉर्ड फिरवत राहा, स्वच्छ आलं की पाचनं वाढवा. पण ह्यांना पहिल्या दिवसापासून रेकॉर्डच्या वेगानं हवं. आणि चुकलं की म्हणतात, तारा जुन्या झाल्या. नवा जोड मागवलाय कालच."

"तारा कसल्या जुन्या! घाई जुनी आहे त्याची. लग्नात अंतरपाट धरलेला असतानाच हार घालायला निघाला होता, मी होते की तिथं."

"जाऊ द्या हो. तुमच्या मालिकेच्या वेळी त्रास होत असेल तर सांगा, हेडफोन लावायला लावते. मग बाहेर नुसत्या तारांची किणकिण, तीही भिंतीपलीकडं येत नाही."

"ते लावतोच अधूनमधून, कळतं मला. गिटार ऐकू येत नाही, पण पाय आपटतो ना जमिनीवर, तो येतो माझ्या स्वयंपाकघरात. वाजवू दे त्याला हवं तेवढं, फक्त एकदा पाय समेवर टाक म्हणावं."