भांडारपाल

मराठी ख्रिस्ती मंडळी म्हटली की तिच्यात एक अण्णा असतातच, आणि पुण्यात तर एकावर भागत नाही. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीच्या स्टोअरमधून, नाहीतर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. पांढऱ्या हाफ शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. चष्म्याला दोरी. मूळ गाव नगर जिल्ह्यात. उपासनेला तिसऱ्या बाकावर उजव्या कोपऱ्यात बसणार, गीत सुरू झालं की पेटीच्या अर्धी मात्रा आधी सूर लावणार आणि पाळकसाहेबांचा आशीर्वाद संपायच्या आत दारात जाऊन उभे राहणार. माणसं घरी पळायच्या आत धरायची असतात ना!

"ब्रदर, शनिवारी आहात ना?"

या प्रश्नाची मंडळीत दहशत आहे. काही जण त्यासाठी आशीर्वाद अर्ध्यावर सोडून बाजूच्या दाराने निघतात.

शनिवार म्हणजे खिचडी. ससून रुग्णालयाच्या भिंतीपासून पुणे स्टेशनपर्यंतच्या फुटपाथवर जी माणसं राहतात, म्हणजे खरोखर राहतात, संध्याकाळी चूल मांडण्यापासून सकाळी पोलीस उठवीपर्यंत, त्यांना अण्णांची मंडळी जेवायला घालते आणि कपडे देते. त्यातले निम्मे रस्त्यावरचेच, बाकीचे पेशंटबरोबर लातूर-धाराशिवहून आलेले. पेशंटला आत खाट मिळाली, यांना बाहेर फरशी. या रुग्णालयाला डेव्हिड ससून नावाच्या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने पैसा दिला आणि ते 1867 मध्ये उभं राहिलं. त्याच्या भिंतीला टेकून हिंदू-मुसलमान म्हाताऱ्या ख्रिस्ती खिचडी खातात आणि मिठावरून तिन्ही धर्मांना नावं ठेवतात.

अण्णांना या कामात भक्तिभाव दाखवता येत नाही. त्यांना येतं ते स्टोअर. तीस वर्षं स्क्रूसुद्धा सही घेतल्याशिवाय दिला नाही, तो माणूस दयेचं वाटपही रजिस्टरशिवाय करणार नाही. त्यांच्या वहीत 'आवक', 'जावक' आणि 'शिल्लक' असे रकाने आहेत. आवक: तांदूळ 6 किलो, मूगडाळ अडीच किलो, माणसं 80. एकदा पाळकसाहेबांनी हौसेने 'आत्मिक फळ' असा आणखी एक रकाना सुचवला. अण्णांनी तो आखला, पण चार महिने कोरा राहिला. पुढे त्यात ते गॅस सिलिंडरच्या तारखा लिहू लागले.

शिस्त त्यांच्या रक्तातच आहे म्हणा. आजोबा मुक्तिफौजेत होते. विल्यम बूथने 1865 मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत जे काम सुरू केलं, त्याचीच पुढे मुक्तिफौज झाली. 1882 मध्ये ही फौज मुंबईला उतरली तेव्हा तिचं संख्याबळ होतं चार. म्होरक्या फ्रेडरिक टकर हा इंग्रज सरकारची सनदी नोकरी सोडून आलेला. अंगात भगवे कपडे, डोक्याला फेटा, पाय अनवाणी. मुंबईच्या पोलिसांना हा साहेब नेमका कुठल्या गुन्ह्यात बसवावा हे कळेना, म्हणून त्यांनी मिरवणुकीच्या गुन्ह्यात बसवला. अण्णा ही गोष्ट सांगताना टकरपेक्षा त्या पोलिसांचीच बाजू घेतात. "परवानगी काढायला नको?" म्हणतात. बूथच्या नावावर एक क्रम सांगतात: आधी सूप, मग साबण, मग तारण. अण्णांनी तो शिरसावंद्य मानलाय. पहिल्या दोन गोष्टी आपल्या खात्यात येतात, तिसरी वरच्या ऑफिसात, एवढाच त्यांनी अर्थ लावलाय.

त्यावरून एकदा वादही झाला. युवक संघाचा एक तरतरीत मुलगा म्हणाला, वाटपाआधी पाच मिनिटं वचन सांगू या. अण्णांनी पातेल्याचं झाकण उघडलं, वाफ दाखवली आणि विचारलं, "ही पाच मिनिटं थांबेल?" मुलगा म्हणाला, मग वाटपानंतर. अण्णा म्हणाले, "नंतर ते झोपतात. तू पण झोपतोस की, प्रवचनात."

येणारे-जाणारे अधूनमधून शंका घेतात. एक गृहस्थ स्कूटर थांबवून विचारायला आले, "काय हो, यांना बाटवता का?" अण्णांना राग आला नाही. उलट हा माणूस आपल्या खात्याची फार मोठी कल्पना करून बसलाय याचं त्यांना वाईट वाटलं. "साहेब," ते म्हणाले, "आमचे स्वतःचे लोक रविवारी येत नाहीत. हे कुठनं येतील? तुम्ही जरा हे पातेलं धरता का त्या बाजूनं?" गृहस्थांनी धरलं. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत, पण त्यांनी चादरी पाठवल्या, चार. आवकमध्ये नोंद आहे: 'स्कूटरवाले साहेब, नग 4'.

हवालदाराची तऱ्हा वेगळी. मुंबईचा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून महाराष्ट्रात आहे आणि त्यात मागणं हा गुन्हा आहे. "इथं कोण मागतंय का?" असं हवालदाराने दटावून विचारलं, तर अण्णांनी प्रामाणिक उत्तर दिलं: "कोणी मागत नाही साहेब. आम्हीच मागं लागतो." हे खरंही होतं. तेवढ्यात एक आजोबा "नको म्हटलं ना" म्हणत लांब चालले होते आणि अण्णांचा स्वयंसेवक द्रोण घेऊन त्यांच्यामागे.

आता कपडे. अण्णांच्या पोटातली खरी खदखद इथे आहे. भुकेल्याला जेवू घाला आणि उघड्याला पांघरूण घाला, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, हे मंडळीत लहान पोराला ठाऊक. पण अण्णांनी तो अध्याय स्टोअरकीपरच्या नजरेने वाचलाय. "तिथं नुसतं वस्त्र म्हटलंय," ते बजावतात, "वापरून टाकलेलं, असं कुठं म्हटलंय?"

तरी गोणी येतातच. मंडळीने 'वस्त्रदान' पुकारलं की लोकांना पहिल्यांदा कपाट आठवतं, गरीब नंतर. अण्णांच्या आवकमध्ये काय काय नाही? लग्नातला थ्री-पीस, पँट गहाळ. भरतकामाचा ब्लाउज, साडीशिवाय. एका शाळेचे अकरा टाय. सलवारी सहा, कमीज दोन. नाताळच्या नाटकातला हेरोदाचा झगा, चुकून आलेला, पण परत न्यायलाही कोणी आलं नाही. एका पायाचा बूट, आणि सोबत चिठ्ठी: 'दुसरा सापडला की देतो.' माझं स्पष्ट मत आहे की शहराच्या दानतीचा अभ्यास करायचा असेल तर दानपेटी उघडू नये, गोणी उघडावी.

फुटपाथवरच्या माणसाला लागतं ते कोणी देत नाही. त्याला नाडीची पँट लागते, कारण पट्टा चोरीला जातो. चप्पल लागते, तीही मापाची. जूनमध्ये प्लॅस्टिकचा कागद लागतो, डिसेंबरात घोंगडी. साबण, दाढीचं ब्लेड आणि नेलकटर लागतं. बायकांना पॅड लागतात, आणि ते अण्णांना उच्चारता येत नाही म्हणून रजिस्टरात काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, अक्षरात 'इतर' असं लिहिलेलं असतं. आणि सगळ्यांना लागतात त्या नव्या चड्ड्या. जुनी चड्डी गरिबाला का द्यायची, हा प्रश्न अण्णांनी एकदा भर सभेत केला. सभेने छताकडे पाहिलं.

काकूंचं नाव आलंच आहे तर सांगून टाकतो. हे सगळं काम अण्णांचं, हा मंडळीतला गोड गैरसमज आहे. कांदा काकू चिरतात, फोडणी काकू देतात, ऐंशी माणसांच्या पातेल्याला मीठ त्या मुठीने घालतात आणि ते बरोबर पडतं. अण्णांनी एकदा ते वजन करून प्रमाण ठरवायचा प्रयत्न केला. त्या शनिवारी फुटपाथवर बंड झालं. मंडळीच्या व्यासपीठावरून आभार मात्र "अण्णांच्या अथक परिश्रमांचे". काकू तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत असतात.

फुटपाथवर अण्णा दाते नाहीत, तिथे ते हाताखालचे आहेत. ससूनच्या भिंतीशी बसणारी एक मावशी आहे, मराठवाड्याकडची. मुलाला दाखवायला आली, मुलगा गेला, ती राहिली. तिच्यासमोर अण्णा फॅक्टरीच्या इन्स्पेक्शनला उभे असल्यासारखे उभे राहतात.

"काय रं अण्णा, डाळ रुसली का आज?"

"अडीच किलोच आहे मावशी. वजन करून."

"वजन कोण खातंय?"

तिला दात नाहीत म्हणून शेंगदाणे बंद झाले. तिच्या शेजारच्याला शुगर म्हणून बटाटा कमी झाला. वर्तमानपत्रात बांधलेलं काही घेणार नाही, शाई पोटात जाते, असं तिला कोणी डॉक्टर बोलला, तेव्हापासून सुपारीच्या पानांचे द्रोण आले. ज्याच्याकडे स्वतःचा डबा त्याला आधी, हा नियमही तिचाच. अण्णांनी रजिस्टरात तो फक्त टाइपातल्यासारखा लिहून काढला.

अण्णांना वर्षात एकच आठवडा आवडत नाही, आणि तो प्रभूच्या जन्माचा. डिसेंबरच्या शेवटी अख्ख्या शहराला फुटपाथ आठवतो. कॅथलिक येतात, त्यांचे विन्सेंट डी पॉलवाले जुने जाणते. 1833 साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था. ते जोडीनेच येतात, हळू बोलतात, आणि पैसा गोळा करायची त्यांची पिशवी अशी फिरते की कोणी किती घातले ते शेजारच्यालाही कळत नाही. अण्णांना त्यांचा आदर आहे, फक्त त्या पिशवीचा हिशेब लावायचा कसा हे कोडं सुटत नाही. पण त्यांच्यामागे कॉलेजची पोरं येतात, फोन उंच धरून. क्लब येतात, बॅनर घेऊन. कंपन्यांच्या बसेस येतात, सांताच्या टोप्या घालून. एका चोवीस तारखेला अण्णा केकची पाकिटं घेऊन पोचले तर भिंतीशी पाकिटांची चळत लागलेली.

"चवथा केक हाय," मावशी म्हणाली. "गोडानं तोंड मिटलंय. भाकर हाय का?"

अण्णा केक परत घेऊन गेले. स्टोअरच्या भाषेत 'मटेरियल रिटर्न'. तेव्हापासून त्यांनी नियम केला: नाताळात मंडळीने काही वाटायचं नाही, फेब्रुवारीत वाटायचं. पाळकसाहेब हादरले. नाताळात गरिबांना काही नाही? लोक काय म्हणतील? अण्णा म्हणाले, लोक म्हणू देत, भूक सणवार पाळत नाही. फेब्रुवारीत आणि जुलैच्या पावसात फोन उंच धरायला कोणी येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आवक-जावक पुढे ठेवली. दोन्ही महिन्यांत इतर कोणाचाही ट्रक, बस, टोपी नाही. नुसती काकूंची खिचडी.

खरा सामना झाला वार्षिक सभेत. वर्षाचा अहवाल पाळकसाहेब वाचतात, हिशेबनीस मान डोलावतात, मंडळी चहाची वाट बघते, अशी प्रथा. अण्णांनी आपल्या खात्याचा अहवाल स्वतः लिहून दिला होता. अन्नदान, चादरी, चपला... इथपर्यंत पाळकसाहेब खणखणीत वाचत आले आणि पुढच्या ओळीवर थबकले. चष्मा काढला, पुसला. समोर भगिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, शब्बाथशाळेची मुलं, पहिल्या बाकावर पाहुणे म्हणून आलेले बिशपसाहेब.

"आणि," पाळकसाहेब म्हणाले, "इतर आवश्यक वस्त्रे."

अण्णा तिसऱ्या बाकावरून उठले. "साहेब, तसं नाही लिहिलं."

"अण्णा, भावार्थ तोच."

"स्टोअरला भावार्थ चालत नाही."

बिशपसाहेबांनी उत्सुकतेने मान वळवली. पाळकसाहेबांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ घेतला, घसा साफ केला आणि उपासनेत दहा आज्ञा म्हणतात त्या सुरात म्हणाले, "चड्ड्या, नव्या. नग 140."

पोरं खिदळली. काकू पर्समध्ये शिरल्या. पाळकसाहेब घाईने पुढच्या खात्यावर जाणार, तोच अण्णांनी लाल पेन वर केलं.

"साहेब, साइज पण वाचा. नव्वदच्या संपल्यात."