चार गुंठ्यांतली येळवस

लाइपझिग, 31 डिसेंबर 2024

तीर्थरूप आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, काल अमावस्येला इकडंही येळवशीची शेतपूजा झाली. अण्णा फोनवर म्हणाले होते, "शेत न्हाई, तर येळवस कसली?" अण्णा, शेत मिळालं. उसनं, पण मिळालं.

शेजारच्या आजींकडं शहराच्या कडेला बागेचा एक तुकडा आहे. फ्लॅटात राहणाऱ्यांना इथं असे तुकडे भाड्यानं मिळतात. ही चाल दीडशे वर्षांपूर्वी या लाइपझिगातच रुजली. त्याला देशाचा कायदा आहे. तुकडा फार तर 400 चौरस मीटर, म्हणजे पुरते चार गुंठेही नाहीत. बागेतली खोली 24 चौरस मीटरच्या आत. तिसरा हिस्सा भाजीपाला आणि फळझाडं हवीच. बांध कोरायला वाव नाही, अण्णांचा इथं जीव रमला नसता.

ताकातल्या आंबिलीची मात्र पंचाईत. गॅलरीत ठेवली असती तर तिचा बर्फ झाला असता, म्हणून तुमच्या सुनेनं डबा रात्रभर हीटरशेजारी ठेवला. सकाळी तो शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ट्रॅमनं निघालो. गावाकडच्यासारखा डोक्यावर घ्यायला ती लाजली. पलीकडच्या बाकावरचे गृहस्थ मधेच उतरले. आंबिलीच्या वासामुळं उतरले असं मी म्हणत नाही. भज्जीचा भाजीपाला शनिवारीच भरला होता, कारण रविवारी इथं दुकानं बंद. त्याआधी ख्रिसमसचे दोन दिवसही सगळा शुकशुकाट.

पूजेच्या कोपीला कडबा कुठला मिळायला? थंडी लागू नये म्हणून आजी गुलाबांवर सुरूसारख्या झाडाच्या फांद्या अंथरतात. त्यातल्या उरलेल्या उभ्या करून कोप केली. चुना तर खोलीत तयारच होता. इथं हिवाळ्यात फळझाडांच्या खोडांना चुना फासतात, दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारठ्यानं साल तडकू नये म्हणून. सफरचंदाच्या झाडाचा उरलेला चुना पांडवांच्या पाच दगडांना लावला.

आजींनी वाकून कोपीत पाहिलं आणि लगेच विचारलं, "बाळ कुठाय?" ख्रिसमसला इथं घरोघरी गोठ्याचा देखावा मांडतात, त्यात गवतावर बाळ येशू असतो. मी म्हटलं, बाळ नाही, हे पाच भाऊ. मग द्रौपदीचं सांगणं आलं. ते ऐकल्यावर आजींनी तुमच्या सुनेकडं जरा काळजीनं पाहिलं.

इथं कुणाला जेवायला बोलवायचं तर आठ-पंधरा दिवस आधी विचारतात. आपल्याकडं येळवशीला वाटेनं जाणारा जेवल्याशिवाय सुटत नाही, हे पोरांना तुम्हीच शिकवलंय. म्हणून पोरांनी कुंपणावरून हाका मारायला सुरुवात केली. कुत्रं फिरवायला निघालेले एक काका थांबले. परवानगी घेतली आहे का, असं आधी विचारलं, मग बसले. भज्जी त्यांनी सूप समजून चमच्यानं खाल्ली, दोनदा घेतली. पिठाचे उंडे बघून काय ते कळेना, पण खाल्ले. आजींनी श्टोलन आणलं होतं, वर पिठीसाखर पेरलेला सुकामेव्याचा पाव. धाकटा म्हणतो, येळवस रोज करा.

चार वाजल्यापासून अंधार पडायला लागतो. हेंडगा पेटवून शेताला फेरा घालायची सोय नव्हती, बागेत जाळ करायला मनाई आहे. मग पोरांनी नोव्हेंबरातले कागदी कंदील काढले. 11 नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावानं इथली मुलं ते घेऊन गाणी म्हणत फिरतात. आमच्यांनी चार गुंठ्यांना फेरा घातला, बाप मागून ओरडायला. मजा अशी, की काल काडी ओढायची चोरी आणि आज रात्री बाराला सगळं शहर रॉकेटं उडवणार. खिडकीत आत्तापासूनच धूर येतोय.

आजींनी पुढच्या वर्षीची तारीख विचारली. 19 डिसेंबर म्हटल्यावर म्हणाल्या, "दर वर्षी बदलते?" त्यांचा ईस्टरही चंद्रावरच फिरतो, त्यामुळं पटकन पटलं. डायरीत लिहून घेतलं.

तिळाच्या पोळ्या कुणी येणार असेल त्याच्याबरोबर द्या. चुना नको, इथं मिळतो. आणि जमलं तर आंबिलीला एक बिंदगं पाठवा, छोटं बघून. ट्रॅममधे मांडीवर मावलं पाहिजे.

तुमचा,
बाळ्या