फुल रेस

कोयनेच्या शिवसागरात 105 टीएमसी पाणी मावतं. न मावणारं कऱ्हाडला कृष्णेत उतरतं आणि आमच्याकडे निघतं. सातारकरांनी सोडायचं आणि सांगलीकरांनी आयर्विन पुलापाशी फुटाफुटानं मोजायचं, अशी ही जुनी वाटणी. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि नदीकाठाला पटलं, की गावाला ट्रॅक्टरइतकीच होडीचीही गरज आहे. तशी आमच्याही गावाला एक मिळाली. फायबरची, मागे पेट्रोलचं इंजिन लावलेली.

आली तेव्हा रीतसर हार-नारळ झाले. पाहुणे जॅकेट घालून बसले, होडीनं घाटासमोर संथ गिरकी घेतली, फोटो निघाले. संथ गिरकीला ही होडी कधीच तक्रार करत नाही. दुखणं आहे ते रेस वाढवल्यावर. अर्ध्या रेसपर्यंत सुरेख, त्यापुढं मिसिंग. भक्‌ भक्‌ करून मान टाकते, रेस कमी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

यंदा पावसाळ्याआधी चाचणीला ती घाटावर आणली आणि गावातले झाडून सगळे जाणकार जमले. जिल्ह्यात 1910 पासून किर्लोस्करवाडी असल्यामुळे इंजिनाबद्दल मत असणं हा आम्ही जन्मसिद्ध हक्क समजतो. बुलेटवाला म्हणाला, "प्लग काळा पडलाय." मोटर रिवाइंडिंगवाला म्हणाला, "कॉइल गेली." साखर कारखान्यातले निवृत्त फिटर म्हणाले, "कॉम्प्रेशन बसलंय, खोला." सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "आधी तीन कोटेशनं मागवा." प्रत्येकाला आपापल्या धंद्यातलाच रोग दिसत होता. बरं, उपचारही सगळ्यांनी एकदमच सुरू केले. त्यामुळे दिवस मावळेपर्यंत मूळचा बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेही कळेनासं झालं.

शेवटी तापोळ्याकडं लाँचवर असणाऱ्या मावसभावाला फोन लावला. तिकडं जीपसुद्धा तराफ्यावर बसून शिवसागर ओलांडते. इंजिन बंद पडलं तर मध्यावर गॅरेज नसतं. म्हणून ती माणसं मत देण्याआधी प्रश्न विचारतात.

"दादा, रेस दिल्यावर आवाज चढतोय का बसतोय?"

"बसतोय."

"मग पंख्याला हात लावू नका. आवाज चढून होडी पळाली न्हाई, तर पंख्यात केंदाळ. आवाजच बसला, तर पेट्रोल न्हाईतर ठिणगी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू कसाय?"

"घट्ट आवळलाय. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून."

पलीकडं थोडी शांतता.

"काटकसर चांगली हाय. पण हवा आत गेल्याबगर पेट्रोल भायेर कसं यायचं?"

स्क्रू सैल केला. टाकीनं फुस्स करून श्वास घेतला. होडी जरा सुधारली, पण मिसिंग पुरतं जाईना. "आता रेस देऊन नळीवरचा रबरी फुगा दाबत ऱ्हावा," तो म्हणाला. दाबला. फरक शून्य. "म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपतूर येतंय, आडतंय आत. आता खोला. आन्‌ एका येळी एकानंच हात लावा."

फिटरांना खोलायला मिळाल्याचा कोण आनंद! आत तळाशी पाण्याचे थेंब आणि गेल्या पावसाळ्यात राहिलेल्या पेट्रोलचा पिवळा डिंक. पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं, आणि ओल फार झाली की पाण्याला घेऊन तळाशी वेगळं बसतं. इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे कुणी सांगावं, आमच्याच शिवारातला ऊस कारखान्यातून फिरून आमच्याच होडीच्या घशात अडकला असेल.

डिंकानं बुजला होता तो मेन जेट. कार्बोरेटरमध्ये हळू चालायला एक बारीक जेट असतो आणि रेस वाढली की मोठ्याचं काम सुरू होतं. मोठा बुजलेला असला, तरी घाटासमोरच्या गिरकीत कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याकडची उद्घाटनं बारीक जेटवरच पार पडतात. समित्यांचंही तेच: बैठक, चहा, इतिवृत्त यांत कधी मिसिंग येत नाही; पाणी चढल्यावर मोठ्या जेटची पाळी येते.

तेव्हा नदीकाठच्या मंडळींनो, तुमच्या गावच्या होडीला जून लागण्याआधी ताजं पेट्रोल घाला, झाकणाचा स्क्रू सैल करा, सगळ्यांना जॅकेटं घालून झेपतील तेवढीच माणसं बसवा आणि प्रवाहाविरुद्ध दहा मिनिटं फुल रेस द्या. पाऊस सरला की टाकी रिकामी करा, इंजिन पाण्यात असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. आणि पाहुण्यांना बोलवायचंच असेल, तर त्या दहा मिनिटांना बोलवा.