बाविसावी तोफ

बडोद्याच्या गायकवाडांना इंग्रजांकडून २१ तोफांची सलामी असे आणि कोल्हापूरच्या छत्रपतींना १९ तोफांची. संस्थानं गेली, तोफा गेल्या, पण हा दोन तोफांचा फरक बडोदेकर अजून वरच्या खिशात बाळगून असतो. मला मात्र आकड्यापेक्षा त्यामागच्या शिस्तीचं कौतुक वाटतं. दारूगोळ्याला तोटा नव्हता. तोफांनाही नव्हता, गायकवाडांकडे तर त्या सोन्याचांदीच्याही होत्या. तरी बाविसावी उडवायची नाही. ठरल्याइतका आवाज झाला तर तो मान, पुढे नुसता धूर. जुन्या मसल कारचा सडलेला सायलेन्सर बदलायची वेळ आली की मालकाने हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा आणि पाइपापासून क्लॅम्पपर्यंत कारखान्याने दिला होता तसाच संच बसवावा, असं माझं स्वच्छ मत आहे.

मसल कार म्हणजे मध्यम बांध्याच्या अमेरिकन गाडीत राक्षसी इंजिन. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. तिचं इंजिन ३८९ घनइंचांचं, सिलेंडर आठ. भागाकार केला तर एकेका सिलेंडरच्या वाट्याला जवळजवळ ७९७ सीसी येतात, म्हणजे एकेका सिलेंडरमध्ये एकेक मारुती ८०० कोंबलेली! अशा आठ मारुत्यांना एका दमात बोलायचं असतं. त्यातून या इंजिनाचा दांडा असा घडवलेला असतो की डावीकडचे चार आणि उजवीकडचे चार सिलेंडर आळीपाळीने पेटत नाहीत; मध्येच एका बाजूचे दोन लागोपाठ पेटतात. ती सुप्रसिद्ध गुडगुड या अडखळण्यातून येते. पाइपाची जाडी, दोन पाइपांना जोडणारा आडवा तुकडा, सायलेन्सरच्या पोटातले कप्पे, या सगळ्यांनी मिळून त्या अडखळण्याला उच्चार दिलेला असतो. पाइप बदलला की उच्चार बदलतो. मग जे ऐकू येतं तो गाडीचा आवाज नसतो, मालकाचा असतो.

जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली. तिचं नावच ‘२१ गन सॅल्यूट’, तेव्हा गाव बरोबर निवडलं म्हणायचं. अशा स्पर्धांत काटेकोर परीक्षक गाडीच्या पोटाखालीही डोकावतात. बाजारातला नवा पाइप वळणावरही गोल गरगरीत राहतो. त्या काळी कारखान्यात वाकवलेला पाइप वळणाच्या आतल्या अंगाने थोडा चेपलेला असे. म्हणजे इथे सुबक पाइप चुकीचा आणि चेपका बरोबर. हसू येणं साहजिक आहे, पण बडोदेकराने तरी हसू नये. याच गावातल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि तिचं काम १९७५ साली पुरं झालं. शेकडो वर्षांत हौशी मंडळींनी घातलेले श्लोक ओळखून मुख्य संहितेतून बाजूला काढायचे, हे ते काम. काही प्रक्षेप मुळापेक्षा गोडही असतील, पण गोड म्हणून ते वाल्मीकींचे होत नाहीत. मोकळा, चकचकीत, धडधडणारा पाइप हा साठच्या दशकातल्या संहितेत घुसलेला एकविसाव्या शतकाचा श्लोक आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताकदीचा. मोकळ्या पाइपाने इंजिन मोकळा श्वास घेतं, चार अश्वशक्ती जास्त मिळतात. मिळत असतीलही. पण संध्याकाळी बडोद्याच्या मांडवीत, पुढे रिक्षा, मागे स्कूटर आणि आडवी गाय अशा स्थितीत हे चार जादा घोडे बांधायचे कुठे? दुसरा आक्षेप त्याहून चतुर आहे. मिसळीची चुलत बहीण सेव-उसळ बडोद्यात सुखाने नांदते, तिथे शुद्धतेचा आग्रह कोणी धरत नाही, मग सायलेन्सरनेच काय घोडं मारलंय? उत्तर सोपं आहे. सेव-उसळीने स्वतःला कधी मिसळ म्हणवलं नाही. तिने नवं नाव घेतलं आणि उजळ माथ्याने स्वतःची गिऱ्हाइकं कमावली. तुमच्या गाडीवर मात्र अजून जीटीओच लिहिलंय. तिसरा आक्षेप कायद्याचा. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असेल तर ‘व्हिंटेज’ ठरते, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिरवते. आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको म्हणणारी ती व्याख्या सायलेन्सरचं नाव घेत नाही. खरं आहे. पण आवाजाचे नियम वेगळे आहेत आणि ते म्हातारपणाची सवलत देत नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी बुलेटचे फटाका सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोड रोलर फिरवलाय. सत्तर गुणिले नव्वद मिलिमीटरच्या एकाच सिलेंडरवर भागणाऱ्या जुन्या साडेतीनशेच्या बुलेटची ही गत, तिथे आठ मारुत्यांचं काय घेऊन बसलात!

‘कारखान्याचं ते शांत’ असंही मी म्हणणार नाही, कारण खुद्द पॉन्टियाकने १९७०च्या जीटीओत एक खटका दिला होता. चालकाने तो ओढला की सायलेन्सरमधली वाट मोकळी होऊन गाडी गरजायची. जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली आणि कंपनीच्या वरिष्ठांनी ती सोय तडकाफडकी बंद केली. अशी गाडी कुणाकडे असेल तर त्याने तो खटका जरूर बसवावा आणि खुशाल गरजावं. त्याचा आवाज कागदोपत्री आहे.

एक आक्षेप मात्र मी मान खाली घालून मान्य करतो, गंजाचा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड असेल तर सायलेन्सरच्या तळाशी साचून, आम्लाशी संगनमत करून साधं पोलाद आतून खातं. स्टेनलेस टिकतं, यात वाद नाही. तेव्हा गाडी स्पर्धेत उतरवायची नसेल, तर आकार, वळणं आणि पोटातले कप्पे मूळचे ठेवून पत्रा स्टेनलेसचा लावायला माझी हरकत नाही. पोथीही आपण नव्या कागदावर छापतोच. पण आधी सायलेन्सरच्या बुडाशी बघा. बारीक छिद्र दिसलं तर ते गळतंय म्हणून वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेऊ नका, पुष्कळदा ते साचलेलं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. आणि पाहुण्यांना आवाज ऐकवायला अंगणात तीन मिनिटं इंजिन गुरगुरवून बंद करायची हौस आवरा. काढलीच आहे गाडी, तर हायवेवर चांगली अर्धा तास पळवून आणा.