आवाज खाणारी पेटी

दहा बाय बाराच्या खोलीत शंभर वॉटचा व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर ठेवून गिटार वाजवणारा प्राणी आता बीडमध्येही निपजला आहे. त्याला 'कशाला?' असं विचारू नये. तो 'टोन' एवढंच म्हणतो आणि डोळे मिटून घेतो. जे यंत्र बघून वायरमनने "दादा, एवढा जुना माल कुठून उचलला?" असं विचारलं, त्याचे हप्ते तो अजून फेडतो आहे.

टोनचं शास्त्र सोपं आहे. व्हॉल्व्हकडून त्याच्या ताकदीबाहेर काम घेतलं की तो आवाज फाडायला लागतो. हा फाटका आवाज म्हणजेच टोन, आणि तो फाटावा म्हणून नॉब वर न्यावा लागतो. आता गिटारच्या स्पीकरला नुसता एक वॉट दिला तरी मीटरभर अंतरावर शंभराच्या आसपास डेसिबल भरतात. शंभर वॉट दिले तर एकशेवीसच्या घरात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल मंजूर करतात. म्हणजे हे यंत्र गोड वाजतं तेव्हा बेकायदा असतं, आणि कायद्यात बसतं तेव्हा मोबाईलसुद्धा त्याच्यापेक्षा बरा वाजतो. मग पन्नास वॉटचा का नाही घेतला? वॉट निम्मे केले तरी डेसिबल तीनच उतरतात. तेवढ्यासाठी कमीपणा कोण घेणार?

यावर तोडगा म्हणून ॲटेन्युएटर नावाची पेटी मिळते, आणि आजचं सदर तिच्या चरणी वाहिलं आहे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे ती बसते. ॲम्प्लिफायरने जीव तोडून काढलेले वॉट ती गिळते, त्यांची उष्णता करते आणि उरलंसुरलं चिमूटभर स्पीकरला देते. आधी आवाजासाठी पैसे मोजायचे, मग तोच आवाज मारण्यासाठी पुन्हा मोजायचे. मारेकऱ्याला सुपारी द्यावी तर अशी, हप्त्याने.

या विजेचा प्रवास नीट बघा. परळीच्या वीज केंद्रात कोळसा जाळतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात, वाफेची वीज करतात. (2013 च्या दुष्काळात पाणीच नव्हतं म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.) असं पाणी पाजून वाढवलेली वीज तारांवरून, डीपीवरून, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की धापा टाकत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पोचते. तिथे स्टॅबिलायझर टक टक करत तिला ताळ्यावर आणतो, ॲम्प्लिफायर तिचे चारशेच्या वर व्होल्ट करतो, व्हॉल्व्ह आतून नारिंगी पेटून तिचा टोन करतात आणि पेटी त्या टोनची परत उष्णता करते. एप्रिल महिन्यात. पत्र्याखाली. पंखा बंद, कारण रेग्युलेटरची घरघर गिटारमध्ये शिरते. परळीत निघालेली उष्णता अशी बीडमध्ये पुन्हा उष्णताच होऊन प्रकटते, आणि या चमत्काराला आमचा गडी कला म्हणतो.

शेजारच्या काकू कुरडया घालायला गच्चीवर आल्या, तेव्हा त्यांनी पेटीला हात लावून बघितला. "शेगडी चांगली आणलीस की रे भैय्या. मग वर काही ठेवत कसा नाहीस?" दुसऱ्या दिवशी पेटीवर दुधाचं पातेलं आलं. तिसऱ्या दिवशी चहाचं आधण. दूध तापायला वॉट लागतात आणि वॉट यायला जोरात वाजवावं लागतं, हे काकूंच्या दोन दिवसांत ध्यानात आलं. संथ काही लावलं की त्या जिन्यातून ओरडतात, "हळू नको वाजवू रे, साय धरंना!" जगाच्या पाठीवर गिटारवाल्याला आवाज वाढव म्हणणारी शेजारीण बीडला निघाली. आता त्याचा रियाज दुधाच्या वेळेवर ठरतो. सकाळी काकूंचं दूध, दुपारी त्यांच्या जावेचं, संध्याकाळी खालच्या भाडेकरूंचं. अख्खा वाडा त्याच्या टोनवर चहा पितो, आणि टोन कसा आहे ते विचारलं तर सगळे म्हणतात, "साखर कमी आहे."

पंचेचाळीस डेसिबलच्या धाकाने हा माणूस स्वतःचा आवाज भाजून खातो, आणि त्याच गल्लीतून रात्री अकराला हळदीचा डीजे जातो. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, खिडकीच्या काचा चौकटीत थरथरतायत, दवाखान्यातला पेशंट उशी कानावर दाबून पडलाय. सार्वजनिक जागी 75 डेसिबलच्या पुढे जायचं नाही, हे त्याच नियमांत लिहिलं आहे. रात्री बारापर्यंतची सवलत अख्ख्या वर्षात जास्तीत जास्त 15 दिवसांची, हेही आहे. पण आमच्याकडे दादांचे वाढदिवसच पंधराच्या वर! तक्रार करा, उलट तुम्हालाच नाव विचारतात, आणि अर्ध्या तासात ते नाव टेम्पोवर पोचलेलं असतं. कायदा फक्त त्याला लागू, जो आधीच भितो.

आणि बेंजोवाल्यांचं काय केलंत? ते वाद्य मुळात 1912 साली जपानच्या नागोयात निघालं. आमच्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, हातगाड्यावर भोंगा चढवला आणि गावोगावच्या वराती नाचवल्या. आमचे खरे इलेक्ट्रिक वाजवणारे तेच. बोटांना घट्टे पडलेले, गुरू नाही, नोटेशन नाही, नवं गाणं बसस्टँडवर ऐकून रात्री लग्नात हजर. बेंजो, ढोल, ताशा, कॅसिओ मिळून एका सुपारीवर सात-आठ घरं जेवत होती. डीजेवाल्याच्या एका पेनड्राइव्हने ती सगळी घरं उठवली, आणि आम्ही त्याला प्रगती म्हणून अहेर केला. बेंजोवाला आता ऊसतोडीच्या टोळीत आहे.

माझी एकच मागणी आहे. आवाज खाणारी पेटी प्रत्येक डीजेच्या भिंतीला सक्तीने जोडा. हजारो वॉट आहेत. वरण, भात, बुंदीचा पाक, सगळं तिच्यावर होईल, आचाऱ्याच्या गॅसच्या टाक्या वाचतील, आणि नवरीच्या आजीला निदान मंगलाष्टका ऐकू येतील.