सूनबाईचं लायसन्स आणि हडसन नदी

जर्सी सिटी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, "सून न्यू यॉर्कला नर्स आहे" असं तू मिरजभर सांगत सुटली आहेस, ते आधी थांबव. न्यू यॉर्क आमच्या खिडकीतून दिसतं, माझं ऑफिसही तिथेच. पण मेधाने तिथे कुणाला साधं इंजेक्शन टोचलं तरी तो गुन्हा!

इथे नर्सचं लायसन्स राज्य देतं. एनक्लेक्स परीक्षा देशभर एकच, कागद मात्र राज्यागणिक वेगळा. म्हणून २००० साली काही राज्यांनी करार लागू केला, की एकाचं लायसन्स दुसऱ्याने मानायचं, जशी आपली एमएच-१० ची गाडी बेळगावात चालते. आता चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. आमचं न्यू जर्सी २०२१ मध्ये पूर्णपणे आत आलं. त्यामुळे मेधा चार तास विमानात बसून टेक्सासात ड्युटी करू शकते, हडसनच्या समोरच्या काठावर मात्र नाही. न्यू यॉर्क करारात नाहीच.

तिथल्या नर्सेसच्या युनियनचा विरोध आहे. उद्या संप केला तर मालक बाहेरून नर्सेस आणून बसवतील, ही त्यांची भीती. मला ते पटतं. घरात बोलत नाही.

खरी गंमत फोनवर. मेधा पेशंटना फोनवरून सल्ला देते आणि कायदा बघतो तो पेशंट कुठे आहे ते. म्हणून काय दुखतंय याच्याही आधी विचारायचं, "आत्ता कुठे आहात?" परवा एका आजोबांना चक्कर येत होती. कुठे आहात? "फेरीबोटीत." कुठल्या काठाला? "मधोमध!" मेधाने आधी त्यांना बोटीवरच्या माणसाला हाक मारायला लावली, मग कपाळाला हात लावला.

ऑफिसजवळ राहायला जाऊ म्हटलं, तर तेही जमत नाही. हे लायसन्स राहत्या राज्यावर मिळतं. न्यू यॉर्ककर झालो की टेक्साससुद्धा गेलं.

आणि बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने बीपी विचारून लोणचं बंद करायला सांगितलं, तेव्हा "तुझं लायसन्स मिरजेत चालतं का?" असं तुम्ही विचारलंत. चालतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिने अजून चालू ठेवली आहे. बरणी आईकडे द्या.

तुमचा,
संजू