हलू नका!

माझ्या लग्नात अंतरपाट दोनदा खाली आला. पहिल्यांदा रीतसर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ताशा कडकडला, आम्ही एकमेकांना हार घातले आणि तेवढ्यात खुर्चीवर चढलेले आमचे दाजी ओरडले, "थांबा, थांबा! फ्लॅश चार्जच झाला नव्हता!" भटजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. दाजी म्हणाले, "मुहूर्ताचं झालं की ते. आता फोटोपुरतं परत धरा." हार उतरवून पुन्हा हातात देण्यात आले, अंतरपाट धरला गेला आणि जेवणाच्या पंगतीकडे निघालेल्या पाहुण्यांना परत बोलावून त्यांच्या हातात अक्षता कोंबल्या गेल्या. माझी बायको आजही सांगते, की तिचं लग्न दोनदा लागलं आणि दोन्ही वेळा नवरा हाच निघाला.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. वय सदुसष्ट, मुक्काम हडपसर, सरकारी नोकरीतून निवृत्त. प्रत्येक खानदानात असा एक माणूस असतो. तो फोटोचे पैसे घेत नाही आणि फोटोही देत नाही. "कार्ड रिकामं केलं की पाठवतो," हे त्याचं वाक्य. माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो अजून कार्ड रिकामं होण्याची वाट बघताहेत. मुलगी सध्या दहावीला आहे. त्या बारशातही आत्याला कानात तीनदा 'कुर्र' करावं लागलं होतं. पोर तिसऱ्यांदा रडलं ते मात्र फोटोत झकास आलंय, असं दाजी सांगतात.

सगळी सुरुवात आगफा क्लिक थ्रीपासून झाली. तो दाजींच्या वडिलांचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. पाठीमागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल हातानं पुढं सरकवायचा. विसरलात, तर एका फोटोवर दुसरा फोटो. लग्नानंतर ताईला घेऊन दाजी महाबळेश्वरला गेले, तेव्हा ते विसरले. वेण्णा लेकच्या काठावर नव्या साडीतली, लाजलेली ताई आणि तिच्या डाव्या खांद्यातून बाहेर आलेली घोड्याची मान. घोड्यावर कानटोपी घातलेला एक अनोळखी गृहस्थ. "याला डबल एक्स्पोझर म्हणतात," दाजी सांगायचे, "लोक मुद्दाम करतात."

"मुद्दाम करायचं होतं तर घोडा तरी मागं ठेवायचा," ताई म्हणायची. फोटो मात्र तिनं फाडला नाही. कपाटात शालूच्या घडीत ठेवलाय.

पुढं याशिका आला. छत्तीसच्या रोलमध्ये अडतीस फोटो बसवणारा माणूस म्हणून दाजींचा नातेवाइकांत दबदबा होता. गणपतीत घातलेला रोल होळीला संपायचा, त्यामुळे धुऊन आला की एकाच पाकिटातून गौरी, फराळ, तिळगूळ आणि रंगानं काळे झालेले भाचे सगळे एकदम बाहेर पडायचे. प्रत्येक फोटोमागे पैसे मोडायचे म्हणून दाजी आधी अर्धा तास माणसं मांडायचे. उंच मागं, बुटके पुढं, मावशी जरा डावीकडं, पदर सारखा कर, "हलू नका!" आणि मग एकच क्लिक. तेवढ्यात हमखास कुणाचे तरी डोळे मिटायचे.

मग डिजिटल आला. मला वाटलं, आता सुटलो. पण दाजींनी माणसं मांडण्याचा अर्धा तास तसाच ठेवला आणि त्यानंतर एकाऐवजी नव्वद फोटो काढायला सुरुवात केली. बारा फोटोंच्या काळातली चिकाटी आणि मेमरी कार्डाच्या काळातली उधळपट्टी एकाच देहात नांदू लागली. या दोहोंमध्ये आमच्या कुटुंबाचा मुरंबा झाला.

लेन्सांचं तर विचारू नका. कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्न, मग पन्नासची, मग पक्ष्यांसाठी दीडशे-सहाशेची. ही शेवटची जवळजवळ दोन किलोची. तिची किंमत दाजींनी ताईला खऱ्याच्या एक तृतीयांश सांगितली आहे आणि मला दोन तृतीयांश. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, म्हणून या सगळ्या लेन्सा अनारशांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात राहतात. तळाशी सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले, की दाजी ते पोळ्यांच्या तव्यावर ओततात आणि मंद आंचेवर, उलथन्यानं परतत, रव्यासारखे भाजतात. हळूहळू रंग फिरतो, खडे पुन्हा निळे होतात, दाजींच्या चेहऱ्यावर समाधान येतं. स्वतःच्या घरात त्यांनी आयुष्यात भाजलेला हा एकमेव पदार्थ. आता त्या तव्याला वेगळा खिळा आहे आणि अनारसे आमच्या घरी होतात.

प्रवासाचे फोटो हा वेगळा छळ. आग्र्याचे फोटो टीव्हीला जोडून दाखवले, तेव्हा ताजमहाल चारही मिनारांसकट, वरच्या कळसासकट, सरळ रेषेत उभा होता. "ताई कुठाय?" मी विचारलं. ताई उठून टीव्हीपाशी गेली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही मी. त्या कचऱ्याच्या डब्याशेजारी." डबा तिच्यापेक्षा ठसठशीत आला होता.

पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी दाजी पहाटेच वळणावर जाऊन बसतात. त्या वळणावर आता कॅमेरेवाल्यांची एक स्वतंत्र दिंडी उभी असते. एकदा मीही गेलो होतो. खालून पताका वर सरकत होत्या, टाळांचा आवाज डोंगराला आपटून परत येत होता, आणि दाजी एका म्हाताऱ्या वारकऱ्याला म्हणाले, "बाबा, जरा मागं व्हा, फ्रेममध्ये येताय." म्हातारा घाम पुसत हसला. "माउली, आम्ही आळंदीपासनं येतोय. तुम्हीच व्हा की जरा मागं."

दाजी झाले मागं. वाईट माणूस नाही हो. नुसता अडकलेला आहे.

गेल्या फेब्रुवारीत भिगवणला गेलो. उजनी धरणाचं पाणी ओसरायला लागलं, की उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी. पहाटे सव्वाचारला हडपसर सोडलं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, माझा मुलगा गाडीत झोपलेला, ताईच्या मांडीवर शिऱ्याचा डबा, पुढच्या सीटवर दाजी आणि त्यांच्या मांडीवर दीडशे-सहाशे. कुंभारगावाला होडीत बसलो. नावाड्यानं बांबू रेटत होडी उथळ पाण्यात नेली. आणि खरंच सांगतो, समोर पाच-सहाशे रोहित, माना खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. कुणी बोलेना. दाजी सोडून. "हलू नका! होडी हलतीय! अरे, श्वास हळू घे!" मग एकदम "हलू नका" असं पुटपुटले, ते रोहितांना होतं.

तेवढ्यात कुठूनसा एक ससाणा आला आणि सगळा थवा एकदम उठला. पंखांच्या आतली लाली आणि काळी किनार. उजेडानं पाणी गुलाबी झालं होतं, त्यावर हे सगळं तरंगत डोक्यावरून गेलं. दाजींचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा चालू होता. "मिळाला! आयुष्याचा फोटो मिळाला!" ते म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

काठावर आल्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला कॅमेरा दाखवला. "हे कोपऱ्यात 'डेमो' काय लिहिलंय रे?"

माझ्या मुलानं बघितलं. कार्डाचं झाकण उघडलं. आत खाच रिकामी होती. कार्ड हडपसरला, लॅपटॉपमध्ये. कार्ड नसलं तरी काही कॅमेरे फोटो काढल्याचं नाटक करतात, पडद्यावर चित्रही दाखवतात, फक्त ठेवत काही नाहीत.

नावाडी विडी शिलगावत म्हणाला, "साहेब, परत उठवायचं म्हणताय व्हय? पाखरं ऐकत्यात का कुणाचं?"

दाजी काही बोलले नाहीत. हायवेवरच्या खानावळीत चिलापीचं ताट आलं, तरी बोलले नाहीत. ताटाचा फोटोही काढला नाही, यावरून ताई घाबरली. पाटस मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, "तसाही आज लाइट फ्लॅट होता."

"हो ना," ताई म्हणाली आणि उरलेला शिरा त्यांच्या हातात दिला.

रात्री साडेदहाला फोन वाजला. "अरे, झोपला नाहीस ना? पुढच्या रविवारी, सव्वाचारला. मी नावाड्याशी बोललोय."

"दाजी, आम्ही आत्ताच तर बघून आलो."

"बघितलंत रे. फोटो कुठाय? आणि ऐक, तो आजचाच निळा शर्ट घाल. पोरालाही तेच जर्किन. ताईला सांगितलंय, शिरा परत कर म्हणून."

मागून ताईचा आवाज आला, "आणि त्याला विचारा, ससाण्याला कोण सांगणार आहे?"